हौसेला मोल नाही, विकताना तर नाहीच

पत्र: माझ्याकडे १९९१ सालची, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे. मूळचं १.६ लिटरचं इंजिन ऑइल पिऊ लागलं, तेव्हा ते काढून होंडाचं २.४ लिटरचं के-२४ बसवलं. बसवण्याआधी ते पूर्ण उघडून बांधलं: सिलिंडर बोअर करून (आतून कोरून रुंद करून) ८७.५ मिलिमीटरचे पिस्टन, नवे बेअरिंग, नव्या रिंगा, हेडचं सगळं काम. साडेचार वर्षांचे शनिवार-रविवार त्यात गेले. बांधल्यापासून गाडी २,१०० किलोमीटर चालली आहे. आता घरात जुळी आली आहेत आणि गाडीला सीट दोनच. पावत्यांची बेरीज आणि लोक देऊ करतात तो आकडा यांत दुपटीहून जास्त फरक आहे. एक मित्र म्हणतो, सुटे भाग करून विक. इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी रात्रभरात ऑइलचा एक थेंब जमतो, तो सांगायचा का? आणि विकल्यावर दोन महिन्यांनी इंजिन बसलं तर निस्तरायचं कोणी?
– दोन सीट, चार माणसं

उत्तर: थेंबापासून सुरुवात करतो. तुम्ही तो खर्च, भाव, सुटे भाग सगळं सांगून झाल्यावर जाता जाता टाकलात. गाडी बघायला येणारा माणूस मात्र खाली वाकला की पहिल्यांदा तोच बघेल.

आधी तो कुठून येतो ते शोधा. ‘मागचं क्रँक सील गेलं’ (म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा गिअरबॉक्सकडे जिथून बाहेर येतो तिथलं सील) असं धरून बसू नका. ऑइल वरून खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं, त्यामुळे गळती कुठेही असो, ओल मागेच दिसते. या इंजिनात व्हीटीसी सोलेनॉइडचं (व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या विजेवरच्या झडपेचं) सील आणि टायमिंग चेनचं कव्हर या दोन जागा आधी तपासण्यासारख्या. शिवाय तुमच्या गाडीत एक जास्तीची शक्यता आहे. होंडाच्या गाडीत हे इंजिन आडवं बसतं. एमएक्स-५ मध्ये ते उभं बसवायचं तर मूळचा ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, पुढच्या सबफ्रेमला (इंजिनाखालच्या लोखंडी चौकटीला) अडतो, म्हणून वेगळा पॅन लावावा लागतो. हा पॅन सीलंटवर बसतो, आणि सीलंट लावण्याआधी पृष्ठभागावर ऑइलचं बोट जरी लागलेलं असलं, तरी नेमका असाच, रात्रभरात एक, थेंब येतो. मला या पॅनचाच संशय आहे, पण संशयावर गिअरबॉक्स उतरवायचा नसतो. इंजिनाचा खालचा भाग डिग्रीझरने धुवून कोरडा करा, ऑइलमध्ये अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग घाला, तीस-चाळीस किलोमीटर फिरवून आणा आणि अंधारात दिवा घेऊन गाडीखाली झोपा. ओघळाचं सगळ्यात वरचं टोक सापडलं की गळती सापडली.

पॅन असेल तर दुरुस्त करूनच विका. क्रँक सील असेल तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागणार. तेवढा वेळ जुळी तुम्हाला देणार नसतील, तर आहे तशी विका आणि भावात कापा. दोन्हीकडे सांगायचं मात्र नक्की, आणि जाहिरातीतच, फोटोसकट. यात सचोटीइतकाच व्यवहारही आहे. ज्याने थेंब स्वतःहून दाखवला त्याच्या बेअरिंगच्या आकड्यांवर लोक विश्वास ठेवतात. ज्याने तो पुठ्ठा सरकवून झाकला, त्याच्या पावत्याही खोट्या वाटायला लागतात.

आता पैशांचं. हौसेला मोल नाही असं आपण खर्च करताना मोठ्या तोऱ्यात म्हणतो. त्याच वाक्याचा दुसरा अर्थ विकताना कळतो. तुमच्या साडेचार वर्षांच्या शनिवार-रविवारचे पैसे कोणीही देणार नाही. दोनदा चुकीचा मागवलेला रेडिएटर, एकदा कापून पुन्हा वेल्ड केलेला एक्झॉस्ट, हे तर नाहीच नाही. पावत्यांची बेरीज हा तुमच्या घरातला हिशेब आहे. तो जाहिरातीत टाकू नका आणि समोरच्याला ऐकवूही नका. ‘एवढे घातलेत हो यात’ हे वाक्य आलं की त्याला कळतं, हा माणूस भाव गाडीचा करत नाही, स्वतःच्या दुःखाचा करतोय.

मी अशा गाडीचा भाव काढताना तीन आकडे मांडतो. पहिला, हेच मॉडेल, हेच साल, मूळ इंजिनासह चांगल्या स्थितीत कितीला गेलं. गेलं म्हणतोय, मागितलं नव्हे. मागायला कोणी काहीही मागतं. दुसरा, गाडी सोडवून तुकड्या-तुकड्याने विकली तर हातात काय पडेल. तिसरा, आज कोणी शून्यापासून अशीच गाडी करून घ्यायची म्हटलं, मजुरी देऊन, तर त्याला किती पडेल. तुमची किंमत पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याच्या मध्ये कुठेतरी बसते. तिसऱ्याकडे ती किती सरकणार, हे तुमच्याकडे पुरावा किती आहे त्यावर ठरतं. ज्याच्या तोंडीच सगळं, त्याची गाडी पहिल्या आकड्याच्याही खाली जाते, कारण बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच: कोणीतरी चांगली गाडी उघडली होती.

तुमचा ग्राहक कोण, हेही या तीन आकड्यांतूनच कळतं. मूळ एमएक्स-५ शोधणारा तुमच्याकडे येणारच नाही. त्याला १९८९ मध्ये निघाली तशीच्या तशी ती हवी असते. स्वस्तात वेगवान गाडी शोधणारा येईल, फार प्रश्न विचारेल आणि घेणार नाही. घेणारा तो, ज्याला हीच गाडी बनवायची होती, त्याने सुट्या भागांच्या किमती काढल्या होत्या, आणि त्याच्याकडे वेळ किंवा जागा नाही. तो तिसरा आकडा मनात घेऊनच येतो. असे लोक थोडे असतात. दोन आठवड्यांत फोन आला नाही म्हणून भाव पाडू नका, तीन-चार महिने धरून चाला.

मित्राचा सुट्या भागांचा सल्ला कागदावर बरा दिसतो. इंजिन, ते गिअरबॉक्सला जोडणारी अडॅप्टर प्लेट, पॅन, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि वायरिंग असा एक गठ्ठा करून विकला तर तो जाईलही. मग उरतं ते बिनइंजिनाचं धूड. ते ढकलायला माणसं लागतात, ठेवायला जागा लागते, आणि रोज कोणीतरी फक्त डाव्या आरशासाठी फोन करतं. घरात दोन तान्ही असताना हा उद्योग तुम्ही करू नये. चालती गाडी एकदाच जाते, एकाच माणसाकडे.

‘पूर्ण रिबिल्ड’ या दोन शब्दांचा लोकांनी चोथा केलाय. कोणी गॅस्केट बदलून बाहेरून रंग मारला की रिबिल्ड. कोणी रिंगा टाकल्या की रिबिल्ड. तुम्ही खरंच केलंय, तर शब्द न वापरता मापं द्या. मूळ बोअर ८७, स्ट्रोक ९९ मिलिमीटर, म्हणजे २,३५४ सीसी, ८७.५ ला नेल्यावर ते साधारण २,३८१ झालं. हे एक वाक्य वाचून जाणकाराला कळतं की लिहिणाऱ्याने मशीन शॉपची चिठ्ठी जपून ठेवली आहे. पिस्टन आणि भिंत यांतली फट, मेन आणि बिग-एंड बेअरिंगचं क्लिअरन्स, रिंगांचं टोकाचं अंतर, हेडचे बोल्ट नवे की जुनेच: जे मोजलं ते लिहा, जे मोजलं नाही ते ‘मोजलं नाही’ असं लिहा. मोजलेल्या पाच ओळींबरोबर एक ‘मोजलं नाही’ असली तरी बिघडत नाही, उलट बाकीच्या पाच खऱ्या वाटतात.

त्यावर आजची तपासणी हवी, कारण बांधताना काय होतं यापेक्षा २,१०० किलोमीटरनंतर काय आहे हे महत्त्वाचं. कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो याची मोजणी) करा: इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, इंधन आणि स्पार्क बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. आकडा किती उंच याला फार अर्थ नाही. गेजगणिक आणि कॅमगणिक तो बदलतो. चारही सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे बघायचं. त्याहून बोलकी लीक-डाऊन टेस्ट. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. आत हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते पाहायचं. ती कुठून निसटते हे कानाला कळतं: ऑइल भरायच्या तोंडाशी फुसफुस आली तर रिंगा, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. ही टेस्ट स्वतः न करता त्रयस्थाकडून करून घ्या आणि कागदावर तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या.

जमलं तर ऑइलचा नमुनाही प्रयोगशाळेत पाठवा, पण एक सांगून ठेवतो. नुकत्याच बांधलेल्या इंजिनाच्या ऑइलमध्ये लोह आणि सिलिकॉन चढेच दिसतात: लोह रिंगा बसताना झिजल्याचं, सिलिकॉन त्या पॅनच्या सीलंटमधून आलेलं. एकच रिपोर्ट दाखवला तर अर्धवट माहितीचा माणूस घाबरून पळेल. दोन ऑइल बदलांचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले आणि दुसऱ्यात आकडे उतरलेले असले, तर गोष्ट वेगळी.

ज्या गोष्टीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, तिच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी इंजिन बदललेली एक गाडी घेतली होती. विकणारा भला माणूस, काम सुबक, वेल्डिंग तर बघत राहावं असं. सात-आठ महिन्यांनी पाण्याचा एक होज फुटला. इंजिनाच्या मागून हीटरकडे जाणारा, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक, मध्ये दोन विचित्र वाकणं. गाडीच्या कंपनीच्या यादीत तो नाही, इंजिनाच्या कंपनीच्या यादीतही नाही. तो कुठल्या तरी तिसऱ्याच गाडीचा, दोन्हीकडून कापून बसवलेला. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, ‘तेव्हा दुकानात होज लटकवलेले होते, त्यातला एक बसला.’ दोन दिवस मी तो फाटका होज हातात घेऊन काउंटरा-काउंटरावर फिरत होतो, लग्नाला मुलगी दाखवावी तसा तो लोकांना दाखवत. एक होज, आणि गाडी दोन दिवस उभी.

म्हणून वहीचं एक पान करा. मी त्याला ‘कुठल्या गाडीचं काय’ म्हणतो. क्लच प्लेट कोणाची, क्लचचा खालचा सिलिंडर कोणाचा, पट्ट्याची लांबी किती, थर्मोस्टॅट कुठला, इंधनाचा पंप कुठला, प्रत्येक होज कुठून कापला, प्रत्येक सेन्सरचा पार्ट नंबर. माउंट आणि अडॅप्टर प्लेट कोणाकडून घेतली. इंजिन आणि गाडी यांची वायरिंग जिथे जोडली, तिथे कुठली वायर कुठल्या रंगाच्या वायरला गेली. हे तुमच्या डोक्यात आज स्वच्छ आहे. जुळी वर्षाची होईपर्यंत राहणार नाही. आणखी वर्षभराने उरेल ते फक्त ‘बहुतेक निळी होती’.

त्याच वहीला ईसीयूची फाइल जोडा. ट्यून करणाऱ्याने ती पासवर्डने कुलूपबंद केली आहे का ते आजच विचारा. कुलूप असेल तर नव्या मालकाला उद्या इंजेक्टर बदलायचा झाला तरी त्याच माणसाच्या दारात जावं लागेल, आणि ते त्याला विकत घेण्याआधी माहीत हवं. फाइल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, केबल, सगळं गाडीबरोबर द्या.

तुमच्या पत्रात डिफरन्शियलबद्दल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या संचाबद्दल) अवाक्षर नाही, आणि मी गाडी बघायला आलो असतो तर माझा पहिला प्रश्न तोच असता. १९९१ च्या १.६ मध्ये सहा इंची रिंग गिअरचं छोटं डिफरन्शियल येतं. मूळ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १३६ न्यूटन-मीटरच्या आसपास; होंडाच्याच अॅक्युरा टीएसएक्स या गाडीमधलं के-२४ असेल तर कारखान्यातूनच २२५ च्या घरात, तुमचं बोअर केलेलं त्याहून थोडं वर. माझदाने स्वतः १९९४ मध्ये १.८ लिटरचं इंजिन देताना मागे सात इंची दिलं होतं. तुम्ही मोठं घातलं असेल तर जाहिरातीच्या पहिल्या तीन ओळींत लिहा. छोटंच असेल तर तेही लिहा, आणि भाव ठरवताना ते तुटणार आहे असं धरूनच ठरवा.

कागदपत्रं जाहिरातीच्या आधी. इंजिन बदलल्याची नोंद, इंजिन नंबर, धूर तपासणी, विमा कंपनीला कळवलेलं आहे की नाही, याचे नियम जागोजागी वेगळे. काही ठिकाणी बसवलेलं इंजिन गाडीपेक्षा जुनं चालत नाही आणि त्याच्यासोबतची प्रदूषण नियंत्रणाची सामग्रीही असावी लागते. नोंदणी कार्यालयात जाऊन तुमच्याकडे काय लागतं ते विचारून घ्या. इंजिन कुठल्या गाडीतून निघालं त्याची पावती शोधा. चोरीच्या गाडीचं नाही, एवढं तरी तिच्यावरून कळतं. नोंदणीच होत नसेल तर गाडी फक्त ट्रॅकसाठी म्हणून विकावी लागेल, आणि मग वरचे तिन्ही आकडे पुन्हा मांडा.

जाहिरातीत ताकदीचा आकडा डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद असेल तरच टाका, आणि तो चाकावरचा की क्रँकवरचा हे सांगून टाका. थंड इंजिन सुरू होतानाचा एकसलग व्हिडिओ घ्या. सुरू करण्याआधी ब्लॉकवर हात ठेवून दाखवा. खालून फोटो, वायरिंगचे फोटो, थेंबाचा फोटो. आणि कृपा करून ‘एसी फक्त भरून घ्यायचा आहे’ छापाचं काही लिहू नका. फक्त भरून घ्यायचा असता तर तुम्हीच भरला नसता का?

चालवायला द्यायची का? घेण्याच्या बोलीपर्यंत आलेल्याला, हो. आधी तुम्ही चालवा, तो शेजारी. ऑइल गरम होईपर्यंत चार हजार आरपीएमच्या वर जायचं नाही, हे त्याला बसण्याआधीच सांगा. यावर जो चिडतो त्याला किल्ली देऊ नका. त्याचं लायसन्स बघा आणि विमा दुसऱ्या चालकाला लागू आहे का ते आधी तपासा. कोवळ्या वयाचा कोणी आला, तर टनाच्या आतबाहेर वजनाच्या गाडीत मूळच्या जवळजवळ दुप्पट ताकद आहे, मागच्या चाकांवर आहे, आणि चाक घसरलं तर सावरणारं इलेक्ट्रॉनिक्स नाही, हे त्याला मोठ्या माणसासारखं सांगा. माझ्या दारातून असा एक मुलगा मी परत पाठवला आहे. पैसे घेऊन आला होता. घेणाऱ्याला स्वतःचा मेकॅनिक आणायचा असेल तर जरूर आणू द्या. वही त्या मेकॅनिकच्या हातात द्या.

दोन महिन्यांनी इंजिन बसलं तर? विक्रीच्या कागदावर लिहा: गाडी बदल केलेली आहे, आहे त्या स्थितीत विकली, हमी नाही. खाली माहीत असलेल्या दोषांची यादी, थेंब, डिफरन्शियल, जे असेल ते, आणि दोघांच्या सह्या. नुसत्या ‘आहे तशी’ या शब्दांवर विसंबू नका. माहीत असून लपवलेल्या दोषापासून ते शब्द बऱ्याच ठिकाणी वाचवत नाहीत. तुमचं खरं संरक्षण ती यादी. पैसे खात्यात जमा झालेले स्वतः बघितल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, आणि नाव बदलण्याची कागदपत्रं त्याच दिवशी दाखल करायची. यानंतर इंजिन बसलं तर पैशांची जबाबदारी तुमची नाही. फोन मात्र उचला. पहिल्या महिन्यात तो चार वेळा करेल, चारही वेळा उत्तर तुमच्या वहीत असेल, तुम्ही पान नंबर सांगा.

गाडी विकेपर्यंत ती रोज उभ्या उभ्या पाच मिनिटं सुरू करून बंद करू नका. तेवढ्यात ऑइल तापत नाही, पाणी आणि इंधन मात्र त्यात उतरतं. आठवड्यातून एकदा नीट अर्धा-पाऊण तास फिरवा. गिऱ्हाईक यायचं असेल त्या दिवशी तर हातच लावू नका. त्याच्यासमोर थंडच सुरू होऊ द्या.

आणि ते मूळचं १.६, टाकून दिलं नसेल तर, गाडीबरोबर द्या. नेणाऱ्याकडे जागा नसली तरी आग्रह करा. तो नाही म्हणाला तर ते तुमच्याच गॅरेजच्या कोपऱ्यात राहील, आणि पुढचा प्रोजेक्ट तिथूनच सुरू होईल.